आधी काढा, मग कॉफी

मशरूम कॉफी घरी करण्याचा माझा पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला आणि तो का फसला हे समजायला मला काही महिने लागले. मशरूमची तयार पूड आणली, नेहमीच्या कॉफीत चमचाभर घातली, ढवळली आणि प्यायले. पहिले दोन घोट बरे लागले. पण कप जसजसा रिकामा होत गेला, तसतशी जिभेवर रेव जाणवू लागली आणि शेवटी तळाशी करड्या चिखलासारखा थर उरला. पुढचे कितीतरी दिवस मी चमचा अर्धा केला, दूध वाढवले, पूड दोनदा चाळली, तरी तो थर काही गेला नाही. चूक प्रमाणात नव्हती, पद्धतीत होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

या वाटेला मी वळले ती कॉफी कमी करण्यासाठी. दिवसाला तीन कप ही माझी अनेक वर्षांची सवय होती आणि तिसरा कप दुपारी चारच्या सुमारास व्हायचा. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे बाहेर पडायला निरोगी प्रौढ माणसात सरासरी पाच तास लागतात. म्हणजे चारला घेतलेल्या कपातले निम्मे कॅफिन रात्री नऊला माझ्या रक्तात फिरत असणार आणि मध्यरात्रीनंतरही त्यातला चांगला हिस्सा शिल्लक असणार, हे गणित मांडून पाहिल्यावर माझ्या तुटक झोपेचे मला नवल वाटेनासे झाले. परंतु दुपारचा कप सोडवत नव्हता. मला त्यातली उत्तेजना नको होती. तो कडवट, भाजका, गरम घोट मात्र हवा होता. कॉफीचे प्रमाण निम्मे करूनही कप पातळ आणि पोकळ लागू नये, असे काहीतरी त्यात घालायचे होते. मशरूमचा काढा ती जागा चांगली भरून काढतो, हे मी आज स्वतःच्या अनुभवावरून खात्रीने सांगू शकते.

मशरूम कॉफी म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर भाजीतली पांढरी, गोल बटण मशरूम येतात. या पेयात ती वापरत नाहीत. येथे वापरतात ती बहुतेक लाकडावर वाढणारी, औषधी म्हणून ओळखली जाणारी कवके असतात: पांढऱ्या शुभ्र आयाळीसारखे लोंबणारे लायन्स मेन, बर्च झाडाच्या खोडावर कोळशाच्या ढेकळासारखा दिसणारा चागा, लाखेसारखी चकाकी असलेले रेशी, पंख्यासारखे पट्टेदार टर्की टेल आणि कीटकांवर वाढणाऱ्या कुळातले नारिंगी कॉर्डिसेप्स. ही कल्पना आजची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिनलंडमध्ये कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा लोकांनी चागा उकळून त्याचे गडद पाणी कॉफीऐवजी प्यायले. तेव्हा ती गरज होती. चागाच्या पाण्याचा रंग आणि त्याचा हलका कडवटपणा या दोन्ही गोष्टी कॉफीच्या इतक्या जवळ जातात की, त्या लोकांना हीच वस्तू का सुचली असावी, हे पहिल्यांदा चागा उकळताना मला आपोआप कळले.

आता त्या चिखलासारख्या थराकडे वळते, कारण सगळे मर्म तिथेच आहे. वनस्पतींच्या पेशींना सेल्युलोजची भिंत असते. कवकांच्या पेशींची भिंत कायटिनने बळकट झालेली असते. खेकड्याचे कवच आणि कीटकांचे बाह्यांग ज्या पदार्थापासून बनते, तोच हा पदार्थ. अनेकांना वाटते तसा तो प्रथम कीटकांत सापडला नाही. हेन्री ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८११ मध्ये तो मशरूममधूनच वेगळा केला होता. माणसाच्या पचनसंस्थेला कायटिन फारसे पचत नाही आणि पाण्यात तर ते विरघळतच नाही. मशरूममधले ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा ते बीटा-ग्लुकान नावाचे लांब साखळीचे शर्करापदार्थ या कायटिनच्या जाळीत गुंतलेले असतात. त्यांना पाण्यात आणायचे तर उष्णता हवी आणि वेळही हवा. कपातले गरम पाणी मिनिटा-दोन मिनिटांत निवू लागते. तेवढ्यात कोरड्या पुडीतून रंग आणि थोडा वास सुटतो, बाकीचे तसेच तळाशी बसते. माझ्या कपात उरणारा तो थर म्हणजे न उघडलेले मशरूमच होते.

यावर आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: काढा. मुळे, साली, लाकडासारखे टणक भाग मंद आचेवर दीर्घकाळ उकळून, पाणी आटवून, त्यांचा गुण पाण्यात उतरवणे. रेशी आणि चागा तर अक्षरशः लाकडासारखेच असतात. त्यांना चहाच्या पानासारखे वागवले की ती काहीच देत नाहीत.

कॉफीचे मात्र नेमके उलटे आहे. कॉफीचे बी भाजले गेलेले असते, त्याची रचना ठिसूळ झालेली असते आणि दळल्यावर त्यातले सुगंधी व आम्लधर्मी पदार्थ अगदी लवकर पाण्यात उतरतात. सुमारे ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी आणि तीन-चार मिनिटांचा सहवास तिला पुरतो. त्यापुढे जे उतरत राहते ते मुख्यतः तुरट आणि कडू असते, शिवाय सुगंध वाफेबरोबर निघून जातो. मी दुसऱ्या प्रयत्नात हीच चूक केली. काढा करायचा हे कळल्यावर उत्साहाच्या भरात मशरूमचे काप आणि कॉफीची पूड एकाच पातेल्यात घालून तासभर मंद आचेवर ठेवली. घरभर सुंदर वास पसरला, आणि जो वास घरभर पसरला तो अर्थातच कपात उरला नाही. हाती आलेला द्रव इतका कडू होता की दूध घालूनही तो घशाखाली उतरेना. एका वस्तूला दोन तास हवेत आणि दुसरीला चार मिनिटे. त्यांना एका भांड्यात घालून दोघींनाही न्याय देता येणार नाही. काढा वेगळा करायचा, कॉफी वेगळी करायची आणि दोन्ही कपात एकत्र आणायची, एवढे ठरवल्यानंतर पुढचे सगळे सोपे झाले.

कोणते मशरूम घ्यावे याविषयी माझे मत आता पक्के आहे. कॉफीसाठी लायन्स मेन आणि चागा ही जोडी सर्वांत चांगली. लायन्स मेन ताजे असताना शिजवले तर त्याची चव खेकड्याच्या मांसाजवळ जाते, पण वाळवून त्याचा काढा केला की ती बाजू मागे पडते आणि किंचित गोडसर, भाजलेल्या धान्याची आठवण करून देणारी चव उरते. ती कॉफीच्या भाजकेपणाखाली अलगद बसते. चागा या जोडीला रंग आणि गाभा देतो. खरे तर तो रूढ अर्थाने मशरूम नाहीच. झाडावर हल्ला करणाऱ्या कवकाचे तंतू आणि बर्चचे लाकूड यांची वर्षानुवर्षे घट्ट झालेली ती गाठ असते. तिचे बाहेरचे काळेभोर, भेगाळलेले कवच मेलॅनिन या काळसर रंगद्रव्याने भरलेले असते आणि आतला भाग गंजलेल्या लोखंडासारखा तपकिरी असतो. उकळताना त्याला पुसटसा व्हॅनिलाचा वास येतो. मला तो वास इतका आवडतो की चागा पातेल्यात असला की मी स्वयंपाकघर सोडून फार दूर जात नाही.

रेशीबद्दल सावध राहावे. त्याचा कडवटपणा कॉफीच्या कडवटपणासारखा नसतो. तो जिभेच्या मागच्या भागात बसून राहतो आणि त्याचे कारण असलेली ट्रायटर्पिन जातीची संयुगे पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये अधिक चांगली विरघळतात. म्हणूनच रेशीचा पूर्ण अर्क काढणारे आधी अल्कोहोलमध्ये आणि मग पाण्यात असा दुहेरी अर्क काढतात. रोजच्या कॉफीसाठी एवढे करावे असे मला वाटत नाही. टर्की टेलचा काढा सौम्य असतो, पण त्याची चव कॉफीत पूर्ण हरवते. कॉर्डिसेप्स मी फार वापरलेले नाही. वाळवलेले शिताके सहज मिळते म्हणून तेच घालावे असा मोह अनेकांना होईल, तो टाळावा. वाळवल्यावर आणि गरम पाण्यात भिजवल्यावर शिताकेत ग्वानिलेट हे चव वाढवणारे संयुग भरपूर तयार होते. सुपासाठी ते वरदानच, पण कॉफीत त्याने खारट, मांसल चव येते आणि आपण सुपात कॉफी सांडली की काय असे वाटते.

पूड घ्यावी की काप, याचे माझे उत्तर काप असे आहे. कापात आपण काय घेतले ते डोळ्यांना दिसते. पुडीत ते दिसत नाही आणि येथे एक महत्त्वाची गोष्ट समजून घ्यायला हवी. आपण ज्याला मशरूम म्हणतो ते कवकाचे फळ असते. कवकाचे खरे शरीर म्हणजे लाकडात किंवा मातीत पसरलेले पांढऱ्या तंतूंचे कवकजाल. काही उत्पादक हे कवकजाल तांदूळ किंवा ओटसारख्या धान्यावर वाढवतात आणि नंतर धान्यासकट सगळे वाळवून दळतात, कारण तंतू धान्यात इतके रुजलेले असतात की त्यांना वेगळे काढता येत नाही. अशा पुडीत मशरूमपेक्षा पिष्ट, म्हणजे धान्यातला स्टार्च, जास्त असू शकते. ते अपायकारक नसते, पण त्याला मशरूम म्हणून मोल देणे मला मान्य नाही. म्हणून पूड घ्यायचीच असेल, तर वेष्टनावर ती फळापासून केली आहे की धान्यावरच्या कवकजालापासून, हे नीट वाचावे आणि बीटा-ग्लुकानचे प्रमाण दिलेले आहे का ते पाहावे. नुसते "एकूण पॉलिसॅकराइड", म्हणजे सगळे लांब साखळीचे शर्करापदार्थ, एवढेच दिले असेल तर त्यात पिष्टही मोजलेले असू शकते.

घरच्या घरी एक ढोबळ चाचणी करता येते. थोडी पूड पाण्यात उकळावी, पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे, गडद असल्यास त्यात आणखी पाणी मिसळून ते फिके करावे आणि मग जखमेवर लावतात त्या टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. पिष्ट भरपूर असेल तर सगळा द्रव गडद निळा-काळा होतो. मशरूमच्या फळांमध्ये पिष्ट नसते, त्यामुळे चांगल्या पुडीचे पाणी आयोडिनच्याच पिवळसर तपकिरी रंगाचे राहते. लायन्स मेनच्या बीजाणूंना आयोडिनने थोडा निळसरपणा येतो, म्हणून फिकट छटेवरून घाईने निष्कर्ष काढू नये. गडद रंग मात्र बोलका असतो. माझ्या त्या पहिल्या पाकिटातल्या पुडीवर मी ही चाचणी केली तेव्हा पेल्यातले पाणी शाईसारखे झाले. चाचणीचे पाणी ओतून द्यावे, ते कोणाच्या पिण्यात येऊ नये याची काळजी घ्यावी.

आता प्रत्यक्ष कृती. मी एका वेळी सहा कपांचा काढा करते. त्यासाठी वाळवलेल्या लायन्स मेनचे १२ ग्रॅम काप आणि चागाचे बोराएवढे तुकडे ६ ग्रॅम लागतात. लायन्स मेन ताजे मिळाले तर ते आधी वाळवावे. ताज्यात साधारण ९० टक्के पाणी असते, म्हणजे १२ ग्रॅम सुक्यासाठी १२० ग्रॅमच्या आसपास ताजे घ्यावे लागेल. अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करून ५० ते ५५ अंशांवर ओव्हनमध्ये दार किंचित उघडे ठेवून वाळवावेत. काप वाकवल्यावर कटकन तुटला म्हणजे तो वाळला. नुसता वाकला तर आत अजून ओल आहे आणि असा काप बरणीत ठेवला तर चार दिवसांत त्यावर दुसरीच बुरशी येते. चागाचे तुकडे करताना तो जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडावा. सुरीने तो कापण्याचा प्रयत्न करू नये, सुरी निसटते.

काप आणि तुकडे १२०० मिलिलिटर थंड पाण्यात घालून अर्धा तास तसेच भिजू द्यावेत. मग आच लावावी. पहिली उकळी फुटली की आच इतकी कमी करावी की पाण्यातून एखाद-दुसरा बुडबुडा सावकाश वर यावा. झाकण पूर्ण बंद न करता फट ठेवावी. या अवस्थेत दोन तास लागतात. शेवटी पाणी आटून निम्मे, म्हणजे ६०० मिलिलिटर उरावे असा अंदाज ठेवावा. मी पातेल्यात लाकडी चमचा उभा धरून सुरुवातीच्या पातळीवर खूण करते आणि ती पातळी निम्म्यावर आली का ते पाहते. मध्येच पाणी फार कमी झालेले दिसले तर गरम पाणी घालावे. लायन्स मेनचे काप स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात, म्हणून काढा गाळताना सुती कापडात घेऊन ते चांगले पिळावेत. पिळल्यावर मिळणारा शेवटचा द्रव सर्वांत दाट असतो आणि सुरुवातीला मी तोच टाकून देत होते. पातेल्यातला द्रव गडद तांबूस तपकिरी झाला असेल आणि बोटाला लावल्यावर किंचित बुळबुळीत लागत असेल, तर काढा उतरला असे समजावे. तो बुळबुळीतपणा त्या लांब साखळ्यांच्या शर्करापदार्थांमुळे येतो, आणि निम्म्या प्रमाणातल्या कॉफीलाही कपात अंग देतो तो हाच.

कपासाठी १०० मिलिलिटर काढा आणि १०० मिलिलिटर कडक कॉफी असे माझे प्रमाण आहे. कडक कॉफीसाठी ८ ग्रॅम पूड आणि सव्वाशे मिलिलिटर पाणी घेते, कारण थोडे पाणी चोथ्यात राहतेच. दळण मध्यम ठेवते, फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने चोथा खाली दाबण्याच्या भांड्यात, चार मिनिटे मुरवते आणि मग काढ्यात ओतते. काढा त्या वेळी गरम असावा, पण उकळता नसावा. भाजणी मध्यम ते गडद असलेली कॉफी येथे जास्त शोभते. हलक्या भाजणीच्या कॉफीतला फळांसारखा आंबटपणा काढ्याच्या मातकट चवीशी भांडतो, निदान माझ्या जिभेला तरी तसे वाटते. मिठाची अगदी चिमूट, म्हणजे दाणेदार मिठाचे पाच-सहा कण, कडवटपणा दाबतात. दूध किंवा साय घातली तर चव अधिक गोल होते. दालचिनीचा तुकडा काढ्यातच शेवटची दहा मिनिटे टाकता येतो. साखर मी घालत नाही; लायन्स मेनचा मूळचा गोडवा मला पुरतो.

पाण्याऐवजी काढाच वापरून कॉफी केली तर, असा प्रश्न मला पडला होता आणि तसे करूनही पाहिले. गाळण कागदातून काढा अतिशय हळू उतरतो. त्यातल्या चिकट पदार्थांनी कागदाची छिद्रे भरतात, कॉफी गरजेपेक्षा जास्त वेळ द्रवात राहते आणि तुरट होते. फ्रेंच प्रेसमध्ये हा त्रास होत नाही, त्यामुळे ज्यांना भांडी कमी करायची असतील त्यांनी ९५ अंशांपर्यंत तापवलेला काढा थेट कॉफीच्या पुडीवर ओतावा. चव मात्र दोन्ही वेगवेगळे केल्यावर जितकी स्वच्छ येते तितकी येत नाही.

काढा शीतकपाटात तीन-चार दिवस टिकतो. त्यात जिवाणूंना लागणारे अन्न भरपूर असते, म्हणून तो बाहेर ठेवू नये आणि वास बदलला तर चव पाहण्याच्या भानगडीत न पडता ओतून द्यावा. मी तो बर्फाच्या साच्यात गोठवते. माझ्या साच्यातला एक खडा साधारण २५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे एका कपाला चार खडे. छोट्या पातेल्यात ते वितळवून गरम करेपर्यंत कॉफी मुरलेली असते. रोजच्या धावपळीत हे पेय टिकले ते या गोठवण्यामुळेच. रोज दोन तास काढा आटवत बसणे कोणालाही शक्य नाही. आठवड्यातून एकदा सुटीच्या दिवशी मात्र ते सहज जमते.

आता गुणांविषयी, कारण हे पेय त्यांच्या नावानेच विकले जाते. मशरूममध्ये कॅफिन नसते. अरेबिका कॉफीत वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफिन असते, म्हणजे १६ ग्रॅम पुडीच्या माझ्या जुन्या कपात ते जास्तीत जास्त १९० मिलिग्रॅमच्या आसपास होते आणि तीन कपांत सुमारे ५७५. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफिन सुरक्षित मानले आहे आणि गर्भवतींसाठी २०० पर्यंतचे. आज मी सकाळी एक पूर्ण कप आणि दुपारी एक मशरूमचा कप घेते. बेरीज सुमारे २९० होते. माझी झोप सुधारली, दुपारची छातीतली धडधड थांबली, पण त्याचे श्रेय मी आधी या बेरजेला देते. "मशरूम कॉफीने मन शांत होते" असे सांगणाऱ्यांनी कपातली कॉफी किती कमी झाली, हे आधी सांगायला हवे. तसे न सांगणे मला वाचकाशी अप्रामाणिकपणाचे वाटते.

लायन्स मेनवर काही अभ्यास झालेले आहेत. जपानमध्ये झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वारंवार सांगितला जातो: ५० ते ८० वर्षे वयाच्या, स्मरणशक्ती किंचित मंदावलेल्या ३० जणांपैकी ज्यांना १६ आठवडे रोज सुमारे ३ ग्रॅम पूड गोळ्यांतून दिली गेली, त्यांची बौद्धिक चाचणीतली गुणसंख्या इतरांपेक्षा सुधारली. गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत ती पुन्हा खाली आली. आशा वाटावी असा हा निष्कर्ष आहे. पण माणसे थोडी होती, ती निरोगी तरुण नव्हती आणि त्यांनी संपूर्ण पूड खाल्ली होती, काढा घेतला नव्हता. लायन्स मेनच्या फळातली हेरिसेनोन नावाची संयुगे तेलात विरघळणारी आहेत, पाण्यात ती फारशी उतरत नाहीत. म्हणजे माझ्या काढ्यात त्या गोळीतले सगळे असेल असे मी मानू शकत नाही. बीटा-ग्लुकान असतील, चव निश्चित आहे, त्यापुढचा दावा मी करणार नाही.

धोक्यांबद्दल मात्र मोघम बोलून चालणार नाही. चागामध्ये ऑक्झलेट या क्षाराचे प्रमाण मोठे असते आणि ते मूत्रपिंडात साठू शकते. जपानमधल्या ७२ वर्षांच्या एका कर्करुग्ण स्त्रीने सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतली आणि तिची मूत्रपिंडे निकामी झाली. २०१४ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. माझ्या कपातला एक ग्रॅमचा काढा त्या मात्रेच्या जवळपासही नाही, तरीही मी चागा सलग घेत नाही. एक आठवडा घालते, पुढच्या आठवड्यात नुसते लायन्स मेन वापरते. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी चागा पूर्ण टाळावा. रेशी रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढवू शकते, त्यामुळे अशी औषधे चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहाची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये. प्रथमच घेत असाल तर एका वेळी एकच मशरूम घ्या आणि पहिल्या आठवड्यात निम्माच काढा घाला. अंगावर खाज, पुरळ किंवा पोटात मुरडा आला, तर कोणत्या मशरूमने आला हे तरी त्यामुळे कळेल.

आणि रानातून मशरूम आणून त्याचा काढा कधीही करू नका. हे मी आर्जवाने सांगते आहे. काही विषारी मशरूममधली अमाटॉक्सिने कितीही उकळली तरी नष्ट होत नाहीत, त्यांची लक्षणे दिसायला अनेक तास लागतात आणि तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. आपण ज्या पद्धतीने काढा करतो, ती पद्धत तर विष पाण्यात उतरवण्याचीच होईल. छायाचित्राशी ताडून पाहणे ही ओळख नव्हे.

काढा गाळल्यावर कापडात उरलेले लायन्स मेनचे काप मी आता टाकत नाही. हेरिसेनोन पाण्यात उतरत नाहीत हे वाचल्यापासून त्या मऊ कापांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. ते बारीक चिरून थोड्या तेलात किंवा लोण्यात परतते, कडा तांबूस होईपर्यंत, आणि सुपात घालते. चव बरीचशी काढ्यात गेलेली असते, तरी चावायला ते छान लागतात. चागाचे तुकडे धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून परत बरणीत जातात. माझ्याकडचे तुकडे तीनदा उकळून झाले आहेत. तिसऱ्या वेळी पाण्याचा रंग बराच फिका आला होता, म्हणून येत्या रविवारी त्यांच्यासोबत दोन नवे तुकडे टाकणार आहे.